दहावी बस कोणाच्या खर्चानं? वाहतूक अर्थशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर चार वर्षं वाहतूक सर्वेक्षण आणि मॉडेलिंगचं काम. आता पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय आणि हातात दोन प्रवेश आहेत. एक निव्वळ वाहतूक अर्थशास्त्राचा, एक वर्षाचा. दुसरा अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि नियमन या तिन्हींचा मिळून, दोन वर्षांचा. अर्थशास्त्र कधी शिकला नाहीत, गणिताची सवय मोडलीय, पुढे नियामक संस्थेत काम करायची इच्छा आहे, आणि वय २९ असल्यामुळे चुकीची निवड परवडणार नाही असं वाटतंय. "यातल्या कशाला जास्त स्कोप आहे?" असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी २२ वर्षं याच कामात आहे. सुरुवात प्रवासीसंख्येचे अंदाज बांधण्यापासून झाली, मग बससेवेची कंत्राटं आली, आणि गेली ९ वर्षं दरनिश्चितीच्या सुनावण्या. कधी नियामकाकडून, कधी सेवा चालवणाऱ्याकडून. मधूनमधून पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही तपासते. माझ्या मते तुमची खरी अडचण पदवीच्या नावाची नाहीच. वाहतुकीत तीन खुर्च्या आहेत. एकीवर बसलेला माणूस विचारतो, हे केल्यानं समाजाचं एकंदरीत भलं होतंय का आणि किंमत किती ठेवावी. दुसरीवरचा विचारतो, उद्या सकाळी हे चालवायचं कसं. तिसरीवरचा विचारतो, समोरचा सांगतोय त्यातलं किती खरं मानायचं आणि त्याला किती द्यायचं. तुम्हाला कुठल्या खुर्चीवर बसायचंय हे एकदा ठरलं की अभ्यासक्रम निवडणं बरंच सोपं होतं.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. दुसऱ्या वर्षाचा खर्च झेपतो का, कर्ज आहे का, नोकरीतून रजा मिळते की राजीनामा द्यावा लागतो, घरी कोण अवलंबून आहे, यावर उत्तर पार बदलू शकतं. ते बाजूला ठेवून अभ्यासाबद्दलच बोलते.

तिन्ही खुर्च्या एकाच उदाहरणातून दाखवते. मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात हेच गणित घालते.

एक बसमार्ग धरा. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, टोकाला थांबण्याचा वेळ धरून फेरीला ९० मिनिटं. दर १० मिनिटांनी बस सोडायची तर ९० भागिले १०, म्हणजे ९ बस लागतात. काही वर्षांत रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या आणि फेरी १०० मिनिटांवर गेली. प्रवाशाला मिळणारी सेवा तीच, दर १० मिनिटांनी एक बस, पण आता १० बस लागतात. एक बस जास्त, तिच्यासाठी दोन पाळ्यांचे चालक, साप्ताहिक सुट्ट्या आणि आजारपण धरलं तर दोघांनी भागत नाही, वर डेपोत उभी करायला जागा. एवढं करून तासाला धावलेले किलोमीटर आधी होते तितकेच: ६ फेऱ्या गुणिले ३०, म्हणजे १८०. तिकिटांचं उत्पन्न वाढलं नाही. उलट प्रवास लांबल्यामुळे काही प्रवासी गळाले. आता सांगा, ही दहावी बस कोणाच्या खर्चानं?

अर्थशास्त्राच्या खुर्चीतून बघितलं तर मुळात फेरी १० मिनिटांनी का लांबली, हा प्रश्न. रस्त्यावर आलेल्या प्रत्येक गाडीवाल्यानं स्वतःचा वेळ आणि इंधन हिशेबात धरलं. त्याच्यामुळे बाकीच्यांना जो उशीर झाला तो धरला नाही, कारण तो त्याच्याकडून कोणी वसूलच करत नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली हे मांडलं, त्याच विषयातल्या विल्यम विक्री यांनी पुढची कित्येक दशकं रस्त्याच्या वापराला वेळेनुसार किंमत लावावी म्हणून पाठपुरावा केला. सिंगापूरनं १९७५ मध्ये ते करून दाखवलं, लंडननं फेब्रुवारी २००३ मध्ये. शिकायला मला स्टॉकहोमचं उदाहरण सगळ्यात चांगलं वाटतं. तिथे २००६ च्या जानेवारी ते जुलै असा प्रयोग झाला, शहराच्या सीमारेषेवरची रहदारी साधारण २० टक्क्यांनी घटली, प्रयोग संपल्यावर ती बरीचशी परत वाढली, आणि ऑगस्ट २००७ पासून आकारणी कायमची सुरू झाल्यावर पुन्हा उतरली. तेच शहर, तेच रस्ते, आणि किंमत चालू-बंद-चालू. इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचित हाती लागतो.

व्यवस्थापनाच्या खुर्चीवरच्या माणसाला रस्त्यावर कर लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याला उद्या पहाटे बस काढायची आहे. त्याच्यापुढचे पर्याय वेगळे. ९ बसमध्येच भागवायचं तर दर ११ मिनिटांहून थोड्या जास्त अंतरानं बस येईल. टोकाचा थांबण्याचा वेळ कापला तर कागदावर ९ बस पुरतात, पण एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत वाहत जातो आणि दुपारपर्यंत दोन-दोन बस एकामागे एक धावायला लागतात. मग खरा उपाय कुठे सापडतो? बहुतेक वेळा थांब्यावर.

मी एका मार्गावर तीन दिवस हातात स्टॉपवॉच घेऊन बसमध्ये उभी होते. दार उघडल्यापासून मिटेपर्यंतचा वेळ आणि चढलेले प्रवासी, एवढंच वहीत लिहायचं. एकाच दारानं चढून चालकाकडे रोख पैसे देणाऱ्या माणसामागे सुमारे ८ सेकंद जात होते, आधीच तिकीट काढलेल्या माणसामागे ३. फरक ५ सेकंदांचा. एका फेरीत १२० जण चढत असतील तर ६०० सेकंद, म्हणजे बरोबर १० मिनिटं. वरच्या उदाहरणात ही १० मिनिटं वाचली तर दहावी बस लागतच नाही. सगळे प्रवासी काही एका रात्रीत आगाऊ तिकिटावर येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वाचतात त्याहून कमी. पण विकत घ्यायची म्हणून ठरलेली बस मोजमापातून निम्मीअर्धी नाहीशी होते, हे डोळ्यांनी बघितल्यापासून मी व्यवस्थापनाच्या विषयांना कधी दुय्यम मानलं नाही.

तिसरी खुर्ची नियमनाची. समजा ही सेवा खासगी कंपनी चालवतेय आणि कंत्राटात तिला धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मिळतात. किलोमीटर १८० चे १८०च, त्यामुळे देणंही तेवढंच. खर्च मात्र एका बसनं वाढला. कंपनी येऊन म्हणते, रस्ता आमच्या हातात नाही, भरपाई द्या. नियामकाला शंका येते की वेग खरंच रहदारीनं घटला, की नादुरुस्त बस, कमी चालक आणि ढिसाळ वेळापत्रकामुळे? भरपाई सरसकट दिली तर पुढच्या वेळी वेग टिकवण्याची कंपनीला गरज उरत नाही. अजिबात नाही दिली तर चांगली कंपनी पुढच्या निविदेत उतरणार नाही, किंवा ही जोखीम धरून दर चढवून भरेल. यावर वापरात असलेला एक मार्ग म्हणजे देणं तीन भागांत तोडायचं: किलोमीटरमागे इंधन-टायरचा खर्च, तासामागे चालकांचा, आणि गर्दीच्या वेळी लागणाऱ्या बसच्या संख्येमागे भांडवलाचा. शिवाय वेग मोजायचा तो कंपनीच्या नोंदीतून नाही, तर जीपीएसच्या आकड्यांतून, आणि शक्यतो त्याच रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या वेगाशी ताडून. म्हणजे जोखीम कोणी पेलायची, हे ती कोणाच्या आवाक्यात आहे त्यावर ठरतं.

या तीन दृष्टींपैकी कुठली तुम्हाला वाचताना आपली वाटली? ते प्रामाणिकपणे टिपून ठेवा. प्रवेशपुस्तिका चाळण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आता अर्थशास्त्राची भीती. चार वर्षं मॉडेलिंग केलंत म्हणजे लॉजिट मॉडेल, प्रवासी कुठला पर्याय निवडेल याची शक्यता काढणारं, तुम्ही चालवलं असणारच, फक्त त्यामागचं अर्थशास्त्र शिकायचं राहिलंय. त्या मॉडेलचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी घातला आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी त्यांच्या गटानं अंदाज केला होता की कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक ती वापरतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात निघाले ६.२ टक्के. मला त्यातलं जास्त आवडतं ते हे की इतकं अचूक येण्यात नशिबाचा भागही होता, अंदाज चुकण्याला वाव बराच मोठा होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. चांगल्या अभ्यासक्रमात तुम्हाला ६.३ काढायलाही शिकवतात आणि त्या ६.३ च्या आजूबाजूला किती धुकं आहे तेही.

नोकरीत सहसा हाती लागत नाही आणि वर्गात मिळतं असं आणखी एक सांगते. तासाला ६ बस असतील आणि प्रवासी वेळापत्रक न बघता येत असतील तर सरासरी थांबणं ५ मिनिटं. प्रवासी वाढले म्हणून १२ बस केल्या, थांबणं अडीच मिनिटांवर आलं. म्हणजे नव्या प्रवाशांमुळे जुन्या प्रवाशांचाही वेळ वाचला. रस्त्यावर जास्त माणसं आली की सगळ्यांचं नुकसान, पण बसला जास्त माणसं आली की सगळ्यांचा फायदा. हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ साली हे मांडलं, आणि सार्वजनिक वाहतुकीला अनुदान का द्यावं याचं हे एक भक्कम कारण आहे, दयेपोटी दिलेलं दान नव्हे. हा युक्तिवाद मी स्वतःच्या शब्दांत किमान पंधरा वेळा वित्त विभागाच्या लोकांपुढे मांडलाय. तो मला नोकरीत कोणी शिकवला नव्हता.

आणि या विषयाचा उगम अभियंत्याकडेच आहे, हेही लक्षात असू द्या. फ्रान्समधले ज्यूल ड्युपुई रस्ते-पुलांचे अभियंता होते. पुलाचा लोकांना होणारा फायदा टोलच्या उत्पन्नावरून मोजता येत नाही, कारण टोल भरणाऱ्या कित्येकांची त्याहून जास्त द्यायची तयारी असते आणि टोलमुळे काही जण पुलावर येतच नाहीत, हे त्यांनी १८४४ साली लिहिलं. आज आपण ज्याला उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतो ती कल्पना तिथे उभी राहिली. स्थापत्य अभियांत्रिकीतून अर्थशास्त्रात येणारे तुम्ही काही पहिले नाही.

गणित लागतं, पण तुम्ही घाबरताय तेवढं नाही. अवकलन म्हणजे 'एक जास्त घेतला तर काय बदलेल' एवढा अर्थ पक्का हवा. लॉगॅरिदम, संभाव्यता, आणि रिग्रेशन नीट यायला हवं. प्रवेशाआधी आठ आठवडे मिळत असतील तर पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. तुमच्याच जुन्या सर्वेक्षणातली परवानगी असलेली माहिती घ्या, आर किंवा पायथन या संगणकभाषेत एक साधं लॉजिट स्वतः बसवा, आणि त्यातून वेळेचं मूल्य, म्हणजे वेळ वाचवायला माणूस किती पैसे मोजेल, ते काढा: प्रवासवेळेचा गुणांक भागिले खर्चाचा गुणांक. त्यासाठीची अपोलो आणि बायोजीम ही दोन्ही साधनं मोफत मिळतात. एक गुणांक उलट्या चिन्हाचा आला की तो तसा का आला हे शोधताना जे शिकाल, ते पहिल्या सत्राच्या निम्म्या अभ्यासाइतकं असेल.

नियमनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा ओढा तिकडे आहे आणि बाहेरून त्याबद्दल गैरसमज फार. नियमन म्हणजे कायदे पाठ करणं असं वाटतं. प्रत्यक्षात हा माहितीचा झगडा आहे. खर्च किती लागतो हे सेवा चालवणाऱ्याला माहीत असतं, नियामकाला नसतं. गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा द्यायचं धोरण ठेवलं तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते; एव्हर्च आणि जॉन्सन यांनी १९६२ साली हे दाखवून दिलं. म्हणून स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ब्रिटनच्या दूरसंचारासाठी दुसरी पद्धत सुचवली: किमतीच्या वाढीवर महागाईदर वजा एक्स (नियामकानं आधीच ठरवलेली टक्केवारी) अशी मर्यादा घाला, खर्च वाचवला तर तो कंपनीचा. पण मग खर्च वाचवताना देखभालच वाचवली तर? ब्रिटिश रेल्वेचं १९९३ च्या कायद्यानं विभाजन झालं, रूळ रेलट्रॅक या कंपनीकडे आणि गाड्या इतरांकडे गेल्या. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला तडा गेलेला रूळ तुटून गाडी घसरली, चार जण दगावले, आणि त्यानंतर कुठला रूळ कुठल्या अवस्थेत आहे याची भरवशाची नोंदच रेलट्रॅककडे नाही हे उघड झालं. जाळ्यावर जागोजागी वेगमर्यादा लागल्या, खर्च हाताबाहेर गेला, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनी प्रशासकाकडे गेली. आपल्याच मालमत्तेची नोंद नसलेल्या कंपनीचे दर ठरवणं म्हणजे काय, यावर एक अख्खं सत्र शिकवता येईल.

उलट बाजूही शिका. अमेरिकेत रेल्वेच्या मनमानीला आवर घालायला १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग आला, आणि पुढच्या शतकात त्याच्याच बंधनांनी रेल्वे जेरीस आल्या. १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानं दर मोकळे झाल्यावर मालवाहतूक रेल्वे सावरल्या आणि दरही उतरले. विमानसेवेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असलेले आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञ स्वतःच्याच मंडळाचे अधिकार संपवण्यासाठी झटले. १९७८ ला कायदा झाला आणि १९८४ च्या अखेरीस मंडळ बंद झालं. नियामक व्हायचं म्हणजे नियम करायचे एवढंच नाही, कधी थांबायचं हेही कळावं लागतं. आणि कुठलाही एक कौल सगळीकडे चालत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली लंडनबाहेर बससेवा नियमनातून मुक्त केली, लंडनमध्ये मात्र मार्ग ठरवण्याचा अधिकार ठेवून एकेका मार्गाच्या निविदा काढल्या. नंतर लंडनचे प्रवासी वाढले, बाहेरचे घटत राहिले. याचं श्रेय निविदांना किती, अनुदानाला किती आणि शहराच्या वाढीला किती, हे वेगळं करून दाखवता आलं तर तुम्ही विषय शिकलात असं मी म्हणेन.

नियमनात जायचं असेल तर एक विषय अभ्यासक्रमात आहे ना हे आधी बघा: हिशेबशास्त्र. विद्यार्थी त्याला कमी लेखतात आणि पहिल्याच सुनावणीत अडकतात. बसची किंमत १५० एकक धरा. आयुष्य १० वर्षं मानलं तर वर्षाला १५ एकक घसारा, १५ वर्षं मानलं तर १०. बस तीच, चालक तोच, आणि एका गृहीतकानं त्या शीर्षातला खर्च एक तृतीयांशानं खाली आला. कंपनीच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधणारा माणूस नियामकाला हवा असतो.

माझी पहिली सुनावणी सांगते, म्हणजे मी या सगळ्यावर इतका भर का देतेय ते कळेल. भाडं १० टक्के वाढवायचा प्रस्ताव होता आणि प्रवासी किती घटतील हे मी मांडणार होते. भाड्याची लवचिकता, म्हणजे भाडं एक टक्का वाढलं तर प्रवासी किती टक्क्यांनी बदलतात, ती -०.३ धरली, म्हणजे प्रवासी ३ टक्के घटतील, १.१० गुणिले ०.९७, उत्पन्न साधारण ६.७ टक्के वाढेल. सुबक तक्ता केला होता. समोर वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रवाशांच्या वतीनं बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही उणे शून्य पूर्णांक तीन सकाळच्या गर्दीची की दुपारची? आणि पुढच्या महिन्याची की पाच वर्षांनंतरची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आकडा मी इतर ठिकाणच्या अभ्यासांच्या सरासरीतून उचलला होता. कामावर जाणारा माणूस भाडं वाढलं म्हणून लगेच बस सोडत नाही, दुपारचा प्रवासी मात्र सोडतो. आणि काही वर्षांत लोक घर बदलतात, नोकरी बदलतात, दुचाकी घेतात, तेव्हा परिणाम कितीतरी वाढतो. दीर्घकाळात लवचिकता -०.९ निघाली तर १.१० गुणिले ०.९१, म्हणजे उत्पन्न जवळपास होतं तिथेच, आणि प्रवासी मात्र ९ टक्के कमी.

निर्णय पुढे ढकलला गेला. मी परत जाऊन तिकिटांची नोंद तासावार वेगळी काढली, आधीच्या दोन भाडेवाढींच्या आसपासचे महिने तपासले, सहा आठवडे लागले. दुसऱ्या सुनावणीला मी एका आकड्याऐवजी चार आकडे घेऊन गेले, प्रत्येकाच्या शेजारी तो कशावरून काढला आणि किती डळमळीत आहे हे लिहून. तेच गृहस्थ पुन्हा समोर होते. त्यांनी भाडेवाढीला विरोध कायम ठेवला, पण आकडे मान्य केले. गर्दीच्या वेळी वाढ आणि दुपारी जुनंच भाडं, असा शेवटी तोडगा निघाला.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना माझी कसोटी एकच आहे: इथून बाहेर पडताना, मी काढलेला आकडा ज्याच्या विरोधात जातो त्याच्यासमोर बसून मला तो टिकवता येईल का? आकडा काढायला सगळीकडे शिकवतात. टिकवायला फार थोड्या ठिकाणी.

ते ओळखायचं कसं? मागच्या तीन वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं मागवा. 'अमुक सेवेचा आढावा' छापाची शीर्षकं जास्त असतील तर सावध व्हा. एखाद्या निर्णयाचा परिणाम मोजलेला, एखादं कंत्राट तपासलेलं असेल तर चांगलं लक्षण. एक जुनी प्रश्नपत्रिका मागवा. तिच्यात व्याख्या विचारल्यात, की न जुळणारे आकडे देऊन शिफारस मागितलीय? नियमन कोण शिकवतं ते विचारा; सुनावणीत प्रत्यक्ष बसलेला एक तरी माणूस हवा. विद्यार्थ्यांना खरी माहिती, म्हणजे तिकिटांची किंवा खर्चाची कच्ची नोंद, हाताळायला मिळते का? यातलं काही विचारल्यावर विभागाकडून टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

नामांकित ठिकाणांबद्दल थोडंच लिहिते. लीड्स विद्यापीठाची वाहतूक अभ्यास संस्था अर्थशास्त्राच्या बाजूनं मजबूत आहे. सागरी वाहतुकीकडे ओढ असेल तर माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ, १९८३ पासूनचं, वेगळ्या वाटेचं आहे. फ्लॉरेन्सच्या नियमन शाळेचे छोटे अभ्यासक्रम नोकरी करतानाही घेता येतात. ती ऊर्जेपासून सुरू झाली, नंतर वाहतूकही आली. नावापेक्षा वरच्या प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची, हे मी पुन्हा सांगेन.

आता तुमच्यापुरतं. तुम्हाला नियामक संस्थेत जायचंय, मॉडेलिंग येतं, हिशेब आणि कायदा येत नाही. म्हणून माझा कल दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे आहे, पण एका अटीवर: त्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक परिणाम मोजण्याचं शास्त्र) आणि किंमतनिश्चिती हे तिन्ही विषय सक्तीचे आणि गणितासकट हवेत. तिथे अर्थशास्त्र नुसतं वर्णन करून उरकलं असेल तर एक वर्षाचा घ्या, हिशेबशास्त्राचा विषय बाहेरून जोडा आणि प्रबंध नियमनावर करा. उलटं करता येत नाही. हिशेब आणि कायदा नोकरीत शिकता येतो, मी तसाच शिकले. अर्थमिती नोकरीत शिकलेले लोक मला फारसे भेटलेले नाहीत. दुसऱ्या वर्षासाठी मोठं कर्ज काढावं लागत असेल तरीही एक वर्षाचाच घ्या, त्यात कमीपणा नाही.

वयाची काळजी सोडा. बस कधी मोजलीच नाही अशा २३ वर्षांच्या हुशार पदवीधरापेक्षा, सर्वेक्षणात गोळा केलेली माहिती किती कच्ची असते हे चार वर्षं बघितलेला माणूस नियामकाच्या टेबलावर जास्त कामाचा ठरतो.

प्रवेश नक्की करण्याआधी एक करा. वरचं ९ आणि १० बसचं उदाहरण घ्या, आणि भरपाई द्यावी की नाही यावर दोन पानं लिहा. आधी कंपनीच्या बाजूनं, मग नियामकाच्या. कुठलं पान लिहिताना हात जास्त चालला आणि कुठे काय माहीत नाही म्हणून अडलात, ते समासात लिहून ठेवा. ती दोन पानं, दोन्ही अभ्यासक्रमांची विषययादी आणि प्रबंधांची शीर्षकं इथेच टाकलीत तर मी वाचून नेमकं सांगते.